राइड मोडते ती दुसऱ्या दिवशी सकाळी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली की आपल्या दैनिकात एक छायाचित्र हमखास येते. पहाटेचा अंधार, पाहुण्यांच्या हातात हिरवा झेंडा, एकसारख्या जर्सीतले पंचवीस-तीस जण आणि खाली ओळ : ‘अमुक संस्थेच्या मदतीसाठी पुणे ते गोवा सायकल राइड’. छायाचित्राबद्दल तक्रार नाही. त्याने देणग्या वाढतात. पण अशा राइडच्या मागच्या गाडीत पाण्याचे कॅन आणि पंक्चरचे सामान घेऊन बसणाऱ्यांना एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसते. पहिल्या दिवशी सगळे पोहोचतात. राइड मोडते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, सीटवर पुन्हा बसताना. तयारी मात्र बहुतेकांची पहिल्या दिवसापुरतीच असते. यंदा निघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

उदाहरणासाठी नेहमीचाच मार्ग घेऊ. पहिला दिवस पुणे-सातारा, सुमारे 110 किलोमीटर. कात्रज आणि खंबाटकी हे दोन चढ. दुसरा दिवस सातारा-कोल्हापूर, सुमारे 120. तिसरा दिवस कागल, निपाणी, उत्तूर, आजरा करत आंबोली, साधारण 110. चौथा दिवस आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, बांदा, म्हापसा, पणजी. तो 90 च्या आसपास. एकटा दिवस घेतला तर यातला कुठलाच अचाट नाही. रोज तासभर सायकल चालवणारा धडधाकट माणूस 110 किलोमीटर एकदा काढतोच. प्रश्न असतो तो अकडलेल्या मांड्या, सोलवटलेली कातडी आणि अर्धवट झोप घेऊन दुसरे 120 काढण्याचा.

म्हणून सरावाचा पहिला नियम : अंतर एका दिवसात वाढवू नका, लागोपाठच्या दोन दिवसांत वाढवा. बारा आठवडे हाताशी हवेत. आठवड्यात दोन दिवस तासा-सव्वा तासाची राइड आणि शनिवार-रविवार जोडून. चौथ्या आठवड्यापर्यंत शनिवारी 50, रविवारी 40. आठव्यापर्यंत 80 आणि 60. दहाव्या आठवड्यात एकदा 100 आणि 80. एवढे जमले की चार दिवसांची राइड जमते. 150 किलोमीटरची फुशारकी मारणारी एखादी राइड केली नाही तरी चालते. आठवड्याचे एकूण अंतर दहा टक्क्यांच्या फार पुढे वाढवू नये, कारण दम आधी वाढतो आणि गुडघ्यांचे स्नायुबंध मागून येतात. शेवटचे दहा दिवस अंतर निम्म्यावर आणावे. शेवटच्या रविवारी ‘एकदा खात्री करून घेऊ’ म्हणून सिंहगड चढणारे राइडला थकलेले पाय घेऊन येतात.

चढाचा सराव सगळे करतात, उताराचा कोणी करत नाही. पुणेकरांना बोपदेव आहे, कोल्हापूरकरांना पन्हाळा. तिथे वर जाण्याइतकाच वेळ खाली येण्यात घालवावा. त्याचे कारण आंबोलीपाशी सांगतो.

आता सीट. दुसऱ्या दिवशी माघार घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना दम कमी पडत नाही, बूड दगा देते. संकोच सोडून बोलायला हवे. पॅड असलेली सायकलिंगची चड्डी आत दुसरे काहीही न घालता वापरायची असते. आतल्या चड्डीची शिवण आणि घाम धरणारे सुती कापड यांनीच कातडी सोलली जाते. निघताना जांघेत पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. मुक्कामाला पोहोचल्यावर चहाच्या आधी आंघोळ आणि कोरडे कपडे. ओल्या चड्डीत तास-दोन तास गप्पा मारत बसले की रात्रीत पुळ्या उठतात. चड्ड्या किमान दोन, शक्यतो तीन हव्यात, कारण हिवाळ्यात जाड पॅड एका रात्रीत वाळत नाही. धुतलेली चड्डी टॉवेलात गुंडाळून पायाने दाबली की निम्मे पाणी निघून जाते. आणि ते मऊ जेलचे सीट कव्हर घरीच ठेवा. वीस किलोमीटर ते सुखाचे वाटते. नंतर जेल बाजूला सरकते, दाब बसायच्या हाडांवरून मधल्या नाजूक भागावर येतो आणि बधिरपणा सुरू होतो. सीट कडक असली तरी चालते, रुंदी आपल्या हाडांना जुळली पाहिजे.

सीटची उंची मोजायची सोपी रीत : पेडल सर्वांत खाली आणून त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हावा, मग चवड्याने पेडल मारताना तो किंचित वाकलेला राहतो. आकडा हवा असेल तर अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा आणि 0.88 ने गुणा. पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत तेवढे अंतर येते. 80 सेंटीमीटरला ते सुमारे साडेसत्तर. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. मागून पाहणाऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसली तरीही सीट वर आहे असेच समजा. बदल एका वेळी पाच मिलिमीटरचा करा आणि राइडला तीन आठवडे उरले की पाना ठेवून द्या. सीटच्या दांड्यावर इन्सुलेशन टेपची खूण करा, म्हणजे टेम्पोत सायकल चढवताना कोणी सीट खाली सरकवली तर परत जागेवर आणता येते. ती हमखास सरकवली जाते.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होणे हे तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणाऱ्या नसेवर दाब आल्याचे लक्षण. हातमोजे बदलून ते फारसे जात नाही. सीटचे टोक खाली झुकले असेल तर अंगाचा भार हातांवर येतो. ते सपाट करा, हँडल सेंटीमीटरभर वर घ्या आणि दर दहा मिनिटांनी पकड बदला.

सायकलची सर्व्हिसिंग आदल्या दिवशी करून घेणे हा सर्वांत महागात पडणारा उत्साह. ती दोन-तीन आठवडे आधी व्हावी आणि त्यानंतर किमान 150 किलोमीटर सायकल चालावी. नव्या गिअर केबलचे आवरण पहिल्या काही राइडमध्ये दबून बसते आणि गिअर चुकू लागतात. नवी चेन जुन्या कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या) झिजलेल्या दात्यांवर जोर लावताच उडी मारते. हे दुकानात स्टँडवर लावून फिरवताना कळत नाही, कात्रजच्या चढावर कळते. नव्या डिस्क पॅडना रोटरशी, म्हणजे ब्रेकच्या चकतीशी, जुळवून घ्यावे लागते : थोडा वेग घ्या, जवळजवळ थांबेपर्यंत दाबा, सोडा, असे वीसेक वेळा. ते केले नाही तर ब्रेक किंचाळतात आणि पकड अर्धी मिळते.

चेनची झीज घरच्या पट्टीने मोजता येते. बारा पूर्ण कड्या पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर बारा इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरल्या तर चेन बदला; अष्टमांश इंच जास्त भरल्या तर कॅसेटही संपली असे धरा. ब्रेक शूवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर शू बदला, आणि काढलेल्या शूमध्ये अॅल्युमिनियमचे चमकते कण रुतलेले दिसले तर रिम नखाने चाचपून पाहा, ती खाल्ली जात असते. डिस्क पॅडचा मसाला मिलिमीटरभर उरला असेल तर ‘अजून चालेल’ म्हणू नका. चेनला तेल देताना फवारा वापरू नका. मागच्या रोटरवर एक थेंब उडाला तरी पॅड निकामी. प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसणे, हे रोज संध्याकाळी. गाडीतले इंजिन ऑइल चेनला लावले तर महामार्गाची सगळी धूळ त्यावर बसून दुसऱ्या दिवशी तिची सहाण होते.

टायरबद्दल थोडे तपशिलात, कारण वाटेतला निम्मा वेळ तिथेच जातो. 700 बाय 32 च्या टायरला मध्यम वजनाच्या माणसाने 60 ते 65 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) ठेवावे, 2.1 इंची एमटीबी (डोंगरी सायकलच्या) टायरला 35 ते 40. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडे कमी. टायरच्या कडेवर कमाल आकडा छापलेला असतो. तो भरायचा आकडा नव्हे, ओलांडायची नाही अशी सीमा. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. तशी दोन छिद्रे दिसली तर टायरमध्ये काटा शोधू नका, हवा वाढवा. छिद्र एकच असेल तर मात्र शोधल्याशिवाय ट्यूब घालू नका. महामार्गाच्या कडेला सर्वाधिक पंक्चर काट्याने होत नाहीत, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक पोलादी तारेने होतात. ती केसाएवढी असते, आतून बोट फिरवले तरी कधी लागते कधी नाही, आणि चिमट्याशिवाय निघत नाही. टायर बसवताना त्यावरचे नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असे बसवण्याची सवय ठेवली की ट्यूबमधल्या छिद्रावरून टायरमधली जागा लगेच सापडते. फडके फिरवा, बोट नंतर. तार बोटातही रुतते.

निघण्याआधी व्हॉल्व्ह कुठल्या जातीचा आहे ते पाहा. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडचा पाइप मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हला बसतो. काही सायकलींच्या बारीक ‘प्रेस्टा’ व्हॉल्व्हला बसत नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर मिळतो. किंमत किरकोळ, आकार शेंगदाण्याएवढा, तरी तीस जणांत दोघांकडेही नसतो. ट्यूबलेस टायरवाल्यांनी आतले सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) निघण्याआधी पाहून घ्यावे. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत वाळून त्याची पापडी होते. प्रत्येकाने स्वतःजवळ दोन ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप, पॅच, चिमटा, अॅलन कीचा संच आणि आपल्या गिअरच्या संख्येला जुळणारी चेनची जोडकडी ठेवावी. पॅचचे सोल्यूशन एकदा उघडले की काही महिन्यांत आतल्या आत वाळते. पिशवीतली ट्यूब दाबून पाहा, बहुतेकांची रिकामी निघेल.

स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकात, चेनच्या बाजूचा. कॅसेटला जागा हवी म्हणून त्या बाजूचे स्पोक जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात. हजारो फेऱ्यांत चाकाच्या मध्याजवळच्या वाकाशी शिणून ते तुटतात. मागे सामान लादले की लवकर. म्हणून महिनाभर आधी चाकाचा आउट (डुलणे) काढून घ्यावा आणि आपल्या चाकाला लागणाऱ्या तीन वेगवेगळ्या लांबीचे (पुढचा, मागचा डावा, मागचा उजवा) दोन-दोन स्पोक सीटच्या नळीला टेपने चिकटवून ठेवावेत. उजवा बदलायला कॅसेट काढावी लागते, म्हणून कॅसेटचा पाना आणि चेनव्हिप (कॅसेट धरून ठेवणारे हत्यार) मागच्या गाडीत हवेच. ते नसले तरी कराड, पेठ नाका, आजरा इथल्या बाजारात साध्या काळ्या सायकली दुरुस्त करणारा माणूस सापडतो, आणि चाकाचा आउट तो शहरातल्या चकचकीत दुकानापेक्षा सहसा चांगला काढतो.

आणखी एक वस्तू : डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेचा, हँगर. हा मुद्दाम मऊ धातूचा केलेला तुकडा, म्हणजे मार लागला तर तो वाकावा, फ्रेम वाकू नये. त्याचे शेकडो आकार आहेत आणि एकाचा दुसऱ्याला बसत नाही. वाटेत तो कुठेही मिळणार नाही. सायकल उजव्या अंगावर आडवी ठेवली किंवा टेम्पोत दुसरी सायकल त्यावर रेलली की तो वाकतो. मग सर्वांत हलक्या गिअरवर डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो आणि चाक, डिरेलर, हँगर तिन्हींचे वाटोळे होते. आपल्या मॉडेलचा एक जादा हँगर शंभर ग्रॅमही भरत नाही.

खाण्यापिण्याचे शास्त्र अवघड नाही. पहिल्या तासानंतर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. केळे, चिक्की, खजूर, राजगिऱ्याचा लाडू यांतून हिशेब सहज बसतो. परदेशी जेलच्या पुड्या लागत नाहीत. भूक लागायची वाट पाहू नका, घड्याळ पाहून खा. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. पाणी पुष्कळ आणि मीठ काहीच नाही, हेही घातक. रक्तातले सोडियम उतरले की डोके दुखते, मळमळते, माणूस गोंधळतो, आणि भोवतालचे त्याला आणखी पाणी पाजतात. दिवसातून दोन-तीन बाटल्या ओआरएसच्या असाव्यात. पूर्ण लिटरची पुडी पूर्ण लिटरातच विरघळवायची. अर्ध्या बाटलीत घट्ट केली तर पोट बिघडते. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बाटल्या रोज रात्री घासा. गोड पाणी राहिलेली बाटली सकाळी नुसती विसळून भरणे हे दुसऱ्या दिवशीच्या जुलाबाचे पहिले कारण, रसवंतीतला बर्फ दुसरे. अंगदुखीसाठी ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊन सायकलवर बसू नये. पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. कोल्हापूरच्या मुक्कामी तांबड्या-पांढऱ्याचा मोह आवरावा, एवढेच सांगतो; वरण-भात आणि उकडलेला बटाटा खाऊन झोपलेला माणूस तिसऱ्या दिवशी ओळखू येतो. रस्सा परतीच्या वाटेवर हवा तेवढा ओरपा.

आता रस्ता. डिसेंबर-जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम, आणि सातारा ते कोल्हापूर म्हणजे कारखान्यांचा पट्टा. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेलच असे नाही, उसाची टोके दोन्ही बाजूंना हात-दीड हात बाहेर. ट्रॅक्टर सरळ चाललेला दिसतो, पण दुसरी ट्रॉली फूटभर डुलते. तिच्या शेजारून जायचे असेल तर पूर्ण एक गाडीची जागा सोडून, आणि चढावर कधीही नाही. गळालेले ऊस आणि वाडे (उसाचे हिरवे शेंडे) कडेच्या पट्ट्यावर पडलेले असतात. त्यावर ब्रेक दाबू नका, हँडल सरळ ठेवून पार व्हा. द्रुतगती महामार्गावर सायकलला बंदीच आहे. या राष्ट्रीय महामार्गावर सर्वांत धोक्याची जागा म्हणजे उड्डाणपुलाचे तोंड, जिथे सेवा रस्ता डावीकडे फुटतो : सरळ जाणारा सायकलवाला आणि डावीकडे वळणारी मोटार यांची वाट तिथे एकमेकांना छेदते. सेवा रस्ता असेल तर तोच घ्या, दोन मिनिटे जास्त गेली तरी.

त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. थांबे धरून ताशी 15 चा वेग धरला तर 120 किलोमीटरला आठ तास लागतात. साडेसहाला निघालेला अडीच-तीनपर्यंत पोहोचतो. मग झेंड्यासाठी पाच वाजता अंधारात कशाला निघायचे? प्रमुख पाहुण्यांना साडेसहाची वेळ द्यावी. तरीही पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा दोन्ही हवेत. ब्रेव्हे पद्धतीच्या (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या) लांब राइडमध्ये परावर्तक जाकीट आणि दिवे यांशिवाय रात्री रस्त्यावर उतरू देत नाहीत. धर्मादाय राइडवाल्यांनी त्यांच्याकडून एवढी शिस्त जरूर उचलावी.

आंबोलीचा उतार सरळ सांगतो, कारण चौथ्या दिवशी सगळ्यांना वाटते की राइड संपली. सुमारे 690 मीटर उंचीवरून कोकणात उतरायचे, अंतर सावंतवाडीपर्यंत तीसेक किलोमीटर, त्यातला घाट तीव्र वळणांचा. सकाळी धुके आणि दवाने ओला रस्ता, कडेला शेवाळ, कठड्यावर माकडे. हातात केळे धरून उतरू नका, हे विनोदाने लिहिलेले नाही. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात सोडायचा. वळणात दाबला तर ओल्या रस्त्यावर चाक निसटते. दोन्ही ब्रेक सतत धरून ठेवले तर रिम तापते, आतली हवा फुगते आणि ट्यूब फुटते. डिस्क असेल तर पॅड तापून पकड जाते. दाबा, सोडा, दाबा, सोडा. दोघांत किमान तीस मीटर अंतर, ओव्हरटेक नाही. हात आखडले तर थांबा. आदल्या रात्री आंबोलीत सगळ्यांचे ब्रेक एकाच माणसाने तपासावेत. ‘मी पाहिलेत माझे’ हे उत्तर चालवून घेऊ नये.

तीस जणांचा एक घोळका करू नये. आठ-दहाच्या तुकड्या, मध्ये पाच मिनिटे, प्रत्येक तुकडीला पुढे एक वाट माहीत असलेला आणि शेवटी एक पंक्चर काढता येणारा. शेवटच्याच्या मागे कोणी राहत नाही, हा एकच नियम पाळला तरी हरवणे थांबते. मागची गाडी शेवटच्या तुकडीच्या मागे असावी. कडेने समांतर चालवून व्हिडिओ काढणारी गाडी दोन मार्गिका अडवते आणि मागच्या ट्रकला आमच्या अंगावर आणते. पंचवीस जणांना दिवसाला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे वीस लिटरचे सहा-सात कॅन. केळी नऊ डझन. पायपंप दोन हवेत, कारण एकाचा वॉशर जातोच. प्रत्येकाच्या गळ्यात रक्तगट, चालू औषधे आणि घरचा फोन लिहिलेले कार्ड असावे. 108 रुग्णवाहिका, 112 पोलीस, 1033 महामार्ग मदत, हे आकडे गाडीच्या काचेवर लिहून ठेवावेत.

राहता राहिले पैसे, ज्यांच्यासाठी हे सगळे चालले आहे. राइडचा खर्च आणि देणगी यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी हवीत. जर्सी, जेवण, मुक्काम, टेम्पो हा खर्च रायडरच्या प्रवेश शुल्कातून आणि प्रायोजकांकडून यावा. लोकांनी संस्थेसाठी दिलेला रुपया संस्थेलाच जावा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1980 पासून चालणारी ‘पॅन-मास चॅलेंज’ ही कर्करोग संशोधनासाठीची राइड नेमकी अशीच चालते : रायडरने जमवलेली सगळी रक्कम संस्थेला. देणगी शक्यतो थेट संस्थेच्या खात्यात जमा करायला सांगावी, एखाद्या रायडरच्या यूपीआयवर नव्हे. कार्यकर्त्यांचा गट स्वतः वर्गणी गोळा करणार असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 क चा, म्हणजे वर्गणीच्या परवानगीचा, विषय येतो. गणेश मंडळांना तो माहीत असतो, सायकल क्लबांना बहुधा नसतो. त्यापेक्षा नोंदणीकृत संस्थेच्या पावत्यांवरच काम करणे सोपे. प्राप्तिकराची 80जी ची सवलत हवी असणाऱ्याचा पॅन घ्यावा लागतो, दोन हजारांहून अधिक रोख देणगीला ती मिळत नाही, नव्या करप्रणालीत तर ती नाहीच, आणि प्रमाणपत्र संस्था देते, क्लब नव्हे. हे देणगीदाराला आधीच सांगितले की मार्चमध्ये फोन येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकांबाबत जास्त जपून : भारतीय पासपोर्ट असलेल्याची देणगी वेगळी आणि तिकडचे नागरिकत्व घेतलेल्याची वेगळी. दुसऱ्या प्रकारची रक्कम परकीय अंशदान ठरते, मूळच्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, आणि परकीय अंशदान कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते. न्यू जर्सीतल्या मावशीने भाच्याच्या खात्यात पैसे टाकले आणि भाच्याने पुढे वळते केले, हा सोपा वाटणारा मार्ग बेकायदा आहे.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक मागणी. झेंड्याच्या छायाचित्राखाली पाहुण्यांच्या नावांसोबत दोन ओळी आणखी छापाव्यात : संस्थेचा नोंदणी क्रमांक, आणि कुठल्या दिवशी राइड कुठल्या गावातून जाणार. पहिली ओळ देणगीदारांसाठी. दुसरी कराड-पेठ नाका पट्ट्यातल्या ऊस वाहतूकदारांसाठी. त्या सकाळी रस्त्याच्या कडेला तीस सायकली असणार हे त्यांना आदल्या दिवशीच्या अंकात वाचायला मिळाले तर बरे.

आपले,
राइडच्या मागच्या गाडीत बसणारे काही जण, पुणे